झाकणाआडचं दान

मालिनीचं बाकी काही नाही, पण ती पडलेल्या दानाबद्दल खोटं बोलायची. सून म्हणून आनंदीबाईंनी तिच्या पुष्कळ गोष्टी पोटात घातल्या होत्या. आमटीत गूळ विसरणं, ओले केस सोडून पडवीत बसणं, हायस्कुलात भूगोल शिकवते म्हणून घरातसुद्धा दिशा सांगून बोलणं. 'आई, डबा उत्तरेकडच्या फळीवर ठेवलाय.' आनंदीबाईंच्या स्वयंपाकघरात फळ्या दोनच, चुलीजवळची आणि खिडकीजवळची. उत्तर कुठली हे त्यांना साठ वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. तेही चाललं असतं. पण फासा टाकायचा, दान बघायचं आणि भलतंच सांगायचं, हे गुरवाच्या पोटी जन्मलेल्या बाईनं कसं चालवून घ्यावं?

तो खेळ श्यामनं आणला. श्याम त्यांचा एकुलता एक मुलगा, मालवाहू जहाजावर नोकरीला. मे महिन्यात सुट्टीवर आला तो कुठल्याशा बंदरातून एक खोकं घेऊन. आत जाडं इंग्रजी पुस्तक आणि फासे. त्यातला एक आवळ्याएवढा, वीस बाजूंचा, प्रत्येक बाजूवर आकडा.

"पट कुठाय? सोंगट्या?" आनंदीबाईंनी विचारलं.

"पट नाही गं आई. एकानं गोष्ट सांगायची. त्याला मास्तर म्हणायचं. बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जिथे होईल की नाही अशी शंका, तिथे फासा टाकायचा. दहाच्या वर पडलं तर जमलं, खाली पडलं तर फसलं."

"म्हणजे बसून थापा मारायच्या. त्यासाठी जहाजातून पुस्तक कशाला आणायला हवं? मांडवीच्या बंदरावर फुकट मिळतात."

श्याम हसला होता. दोन रविवार त्यानं खेळ चालवला आणि जाताना फासे मालिनीच्या ओंजळीत ठेवले. "आता मास्तरीण तू. मी येईपर्यंत बंद पडू देऊ नकोस."

म्हणून ती बया दर रविवारी दुपारी तीनला पडवीत चटई टाकायची. खेळायला तिघं यायची. श्यामचा शाळेपासूनचा दोस्त चारुदत्त, कचेरीत कारकून. त्याची बायको हेमा. आणि समोरच्या घरातली तुळसा, दवाखान्यात नर्स. आनंदीबाई मालिनीच्या पाठीमागे, माजघराच्या उंबऱ्यावर वाती वळत बसायच्या. खेळात नव्हत्या, पण नजर खेळावरच.

आणि मालिनी खेळ इतका वाईट चालवायची की बघवत नसे. पुस्तकातल्या किल्ल्याचं भाषांतर वहीत उतरवून ती धडा घ्यावा तसा वाचायची. भिंत इतके फूट, दरवाजा तितके फूट. चारुदत्तानं डावीकडे जातो म्हटलं की म्हणायची, "डावीकडे काही नाही, उजवीकडे चला." हेमा पेंगायची. तुळसा पायाच्या अंगठ्यानं चटईची काडी उचकटायची. चारुदत्त मात्र पोह्यांसाठी टिकून होता.

"चौथ्या रविवारी कोणी येणार नाही बघ," एका संध्याकाळी आनंदीबाई म्हणाल्या.

मालिनी भांडी विसळत होती. तिनं एक पातेलं पालथं घातलं. मग म्हणाली, "बंद पडलं तर ते काय म्हणतील, आई?"

'ते' म्हणजे श्याम. आनंदीबाईंनी वात बाजूला ठेवली.

"तू बोलतेस फार. माझे बाबा देवळात गाऱ्हाणं घालायचे. देव कसा दिसतो हे कधी सांगत बसले नाहीत. कोण आलाय, कशाला भ्यायलाय, एवढं बोलायचे आणि थांबायचे. लोक म्हणायचे, व्हय महाराजा. तेवढ्या थांबण्यात प्रत्येक माणूस आपापलं काय ते बघायचा. तू थांबतच नाहीस. दरवाजा उघडला म्हण आणि गप्प बस. आत काय आहे ते त्यांना विचार."

"त्यांनी भलतंच सांगितलं तर?"

"मग तेच खरं धर. आणि तो परका किल्ला टाकून दे. डोळ्यांनी बघितलेलं घे. तुझं माहेर दाभोळला ना? खाडीचं तोंड घे."

मालिनी शिकलेली असली तरी ऐकणारी होती, हे आनंदीबाई कबूल करत. पुढच्या रविवारी वही नव्हती. खाडीच्या मुखाशी धुकं, तीन माणसं होडीत, आणि समोरून एक गलबत येतंय, एवढंच ती म्हणाली. मग तिनं तुळसाला विचारलं, "वल्ह्याला काय लागलं?" तुळसा दचकली आणि हळूच म्हणाली, "केस." त्यानंतर पोहे गार झाले तरी चारुदत्ताचा हात बशीकडे गेला नाही.

दोन महिन्यांत मालिनी पक्की तयार झाली. कोण बुजतंय ते तिला कळायला लागलं. ज्याला बोलायचं नसे त्याला ती नेमका सोपा प्रश्न विचारायची. चारुदत्त पुढेपुढे करायला लागला की त्याच्या होडीला भोक पाडायची. आनंदीबाईंना आतून बरं वाटे. तोंडानं त्या म्हणत, "आज जरा बरं होतं."

मात्र गणपतीनंतर श्यामचं पत्र आलं नव्हतं. त्याचं जहाज आखातात होतं आणि तिकडे तेलाच्या जहाजांवर मारा चालल्याचं रेडिओ सांगायचा. मालिनी शाळेतून आली की आधी खिडकीच्या गजात बघायची, पोस्टमन तिथे पत्र खोचायचा. दोघी त्याबद्दल बोलत नसत. बोलून काय होणार होतं.

मग गोष्टीतल्या गलबतावर मालिनीनं एक तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, आणला. नाव ठेवलं रावजी. पण हा रावजी बोलण्याआधी दोनदा खाकरायचा आणि टोपी मागे सारून कपाळ खाजवायचा. आनंदीबाईंच्या बोटांत वात तशीच राहिली. त्यांनी जन्माला घातलेल्या पोराचं खाकरणं त्यांना ओळखू येणार नव्हतं?

ऑक्टोबरातला तो रविवार. ऊन पडवीच्या लाद्यांवर तिरकं आलेलं, चारचा सुमार.

"गलबतावर कोणी दिसत नाही," मालिनी म्हणाली. "तुळसा, वास कसला येतोय?"

"डिझेलचा," तुळसा म्हणाली आणि स्वतःच गोंधळली. जुन्या काळचं शिडाचं गलबत, डिझेल कुठून येणार? पण कोणी हसलं नाही.

"हेमा, काय दिसतंय?"

"शिडीवर रावजी उभा आहे. हातात चहाचा मग. निळा, पत्र्याचा. कानाजवळ टवका उडालाय."

तो मग आनंदीबाईंनी श्यामच्या ट्रंकेत स्वतः ठेवला होता, जुन्या लुगड्यात गुंडाळून. हेमानं तो कधी बघितला नव्हता. हेमा लग्न होऊन आली त्याच्या आधीपासून, ट्रंकेत जाईपर्यंत, तो माजघरातल्या कपाटावर पालथा पडलेला होता.

"पाय घसरला त्याचा," चारुदत्त म्हणाला. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

मालिनीनं फासा उचलला. पुस्तकात लिहिलंय म्हणून ती खोक्याचं झाकण उभं धरून त्याच्याआड फासा टाकायची, समोरच्यांना दान दिसू नये म्हणून. पण उंबरा तिच्या पाठीमागे होता. तांडेल सावरतो की पडतो यासाठी फासा टाकला आणि आनंदीबाईंना आकडा स्पष्ट दिसला. तीन.

"सतरा," मालिनी म्हणाली. "सावरला."

चारुदत्तानं श्वास सोडला. खेळ मोडला, सगळी घरी गेली. आनंदीबाईंनी दिवा लावला.

पुढच्या रविवारी तीनच्या ठोक्याला तिघं आली. चारुदत्तानं बशी घेतली आणि म्हणाला, "काकू, पोह्यात खोबरं घातलंय की खोबऱ्यात पोहे?" गेल्या रविवारी हेच म्हणाला होता. ते म्हातारपणी व्हायचं ते याला आत्ताच झालं, असं आनंदीबाईंना वाटलं. मग हेमा बसता बसता म्हणाली, "आज गलबत दिसणार असं मला वाटतंय." हेही तेच.

"गेल्या वेळी गलबतापाशीच थांबलो आपण," मालिनी म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे बघितलं. "गलबतापाशी कुठे? धुक्यातच होतो आपण," चारुदत्त म्हणाला.

मालिनी हसली, पण तिचा चेहरा उतरला. तिनं गोष्ट दुसरीकडे वळवली, होडी खाडीत आत घातली, झाडाझुडपांत नेली. एका वळणापलीकडे पोचताच चारुदत्त म्हणाला, "समोर गलबत." डिझेल. निळा मग. पाय घसरला. फासा पडला तो तीन. मालिनी म्हणाली, "अठरा."

तेव्हा आनंदीबाईंचं लक्ष उन्हाकडे गेलं. पडवीत वरच्या कौलाच्या फटीतून एक तुकडा पडायचा, चार वाजता तिसऱ्या लादीवर आणि पाचला पाचव्या. गलबत दिसल्यापासून पुष्कळ वेळ गेला होता. चहाचे कप वाळले होते. तुकडा तिसऱ्या लादीवरच होता.

तिसऱ्या रविवारी पुन्हा खोबरं आणि पोहे. पुन्हा 'आज गलबत दिसणार असं मला वाटतंय'. आता ती तिघं त्या चटईवर कोणी मांडून ठेवल्यासारखी बसली होती. तीच मान, तेच हात. पुन्हा तीन पडलं, मालिनीनं बारा सांगितलं.

खरं सांगायचं तर आनंदीबाईंनाही तो आकडा मोठ्यानं ऐकायचा नव्हता. पहिल्या दिवशीच त्यांनी सुनेचा हात धरायला हवा होता. धरला नाही. पोर माझं आहे, पडू दे सतरा, असं त्यांचंही मन म्हणालं होतं. ही गोष्ट त्यांनी पुढे कोणाला सांगितली नाही.

त्या संध्याकाळी मालिनी चुलीपाशी नुसतीच बसून होती.

"किती पडलं होतं?" आनंदीबाईंनी विचारलं.

"बारा."

"मी तुझ्या मागे बसते गो. डोळे फुटले नाहीत माझे अजून."

मालिनी रडायला लागली. "मला नाही सांगवत, आई. तीन म्हणजे गेला."

आनंदीबाई तिच्यासमोर पाटावर बसल्या. त्यांनी कधी कोणाला न सांगितलेली लहानपणची गोष्ट सांगितली.

"मी दहा वर्षांची होते. आमच्या गावचा हरिश्चंद्र तांडेल देवळात कौल लावायला आला. नवा मचवा सोमवारी समुद्रात घालू की नको. बाबांनी पाषाणाला दोन कळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. डावी पडली. मी बघितली. पण हरिश्चंद्राच्या मुलीचं लग्न त्या फेरीच्या कमाईवर ठरलेलं, त्याचं तोंड बाबांना बघवलं नाही. म्हणाले, उजवी. पुढच्या सोमवारी हरिश्चंद्र परत आला. तोच नारळ हातात. म्हणतो, नवा मचवा घालू की नको? बाबांना वाटलं थट्टा करतो. तो थट्टा करत नव्हता. पुन्हा डावी पडली, बाबा पुन्हा उजवी म्हणाले. असे सात सोमवार. मचवा बंदरात शीड चढवून उभा, त्याची बायको भाकऱ्या बांधून दारात उभी, आणि दर सोमवारी पहिल्यांदाच. गावात कोणाला काही आठवेना. आठवत होतं बाबांना आणि मला, कारण कळी आम्ही दोघांनीच बघितलेली."

"मग?"

"आठव्या सोमवारी बाबा म्हणाले, डावी पडली होती रे, मी खोटं बोललो. हरिश्चंद्र पायरीवर बसला. मग उठून घरी गेला, मचवा घातला नाही. त्याच दुपारी वारा नाही, लाट नाही, मचवा बंदरात उभ्या उभ्या मधोमध फुटला. आत कोणी नव्हतं. बाबांनी त्यानंतर कळीला हात लावला नाही."

मालिनीनं डोळे पुसले. "पण इथे आत माणूस आहे, आई."

"आहे ना. माझा आहे." आनंदीबाईंचा आवाज हलला नाही, पण त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "प्रश्न विचारलास, उत्तर आलं, ते तू दाबून बसलीस. उत्तर सांगेपर्यंत तो प्रश्न हलत नाही. म्हणून पत्र नाही, बरं नाही, वाईट नाही. आणि तीन म्हणजे पडला, एवढंच. पडल्यावर काय होतं ते तू एकटी कोण ठरवणारी? समोर तीन माणसं होडी घेऊन बसलीत. तो पाण्यात पडलाय हे त्यांना माहीतच नाही, तर ती करणार काय?"

मालिनीनं निखारे राखेनं झाकले.

चौथ्या रविवारी खोबरं आणि पोहे झाले. धुकं झालं. डिझेल झालं, निळा मग झाला. ऊन तिसऱ्या लादीवर आलं आणि थांबलं.

"पाय घसरला त्याचा," चारुदत्त म्हणाला.

मालिनीनं फाशाला हात लावला नाही. तिनं उभं झाकण उचललं आणि मागे सारलं, थेट आनंदीबाईंच्या पायापाशी. चटईवर फासा पडलेलाच होता. तो कोणी ठेवला होता? वरची बाजू तीन.

"मी तुम्हाला तीन रविवार खोटं सांगितलं," ती म्हणाली. "तीन पडलं. तांडेल सावरला नाही. तो पाण्यात आहे."

मग तुळसानं झोपेतून उठल्यासारखं इकडेतिकडे बघितलं. हेमानं स्वतःच्या गार झालेल्या हातांना फुंकर घातली. चारुदत्त मात्र गुडघ्यांवर उठला होता. शाळेत असताना भाट्याच्या खाडीत श्यामबरोबर पोहणारा चारुदत्त.

"किती लांब आहे?"

"तू सांग," मालिनी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण विचारायचं ती विसरली नाही.

"दहा हात. मी दोर टाकतो. होडीतला, काथ्याचा."

"मी होडी तोलून धरते," तुळसा म्हणाली.

"मी त्याला हाक मारते," हेमा म्हणाली. "नावानं."

मालिनीनं फासा चारुदत्ताच्या हातात दिला. "तू टाक. सगळ्यांसमोर."

फासा चटईवरून घरंगळला आणि लादीवर गेला. आनंदीबाईंनी डोळे मिटले. तो एक क्षण त्या बाईला आयुष्यातला सगळ्यांत लांब वाटला. पंचवीस वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हाही इतका लांब वाटला नव्हता.

"चौदा," तिघं एकदम म्हणाली.

आनंदीबाईंनी डोळे उघडले तेव्हा ऊन पाचव्या लादीवर होतं.

पत्र गुरुवारी आलं. खिडकीच्या गजात खोचलेलं. मालिनी शाळेत होती. आनंदीबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या, त्यांनी अक्षर अक्षर जोडत ते एकटीनं वाचलं, मग सुनेला वाचायला दिलं. मालिनीनं मोठ्यानं वाचलं.

'आई, मालिनी, घाबरू नका. मी दवाखान्यात आहे. रविवारी चारच्या सुमारास शिडीवरून पाय घसरला. हातात चहाचा मग होता, तो गेला. डावा पाय मोडलाय, थोडा आखूड राहील म्हणतात. बरोबरचे लोक सांगतात मी पंधरा मिनिटं पाण्यात होतो. मला तसं वाटत नाही. मी फार दिवस पाण्यात होतो. ऊन एका जागी उभं होतं. मी बुडत नव्हतो आणि कोणाला दिसतही नव्हतो. कोणीतरी जवळ यायचं आणि परत जायचं, असं तीनदा झालं. मग कोणी बाईनं मला नावानं हाक मारली आणि दोर आला. दोर कोणी टाकला ते कोणालाच माहीत नाही. आमच्या जहाजावर सगळे दोर नायलॉनचे. हा काथ्याचा होता, आपल्याकडे असतो तसा. मी तो उशाशी ठेवलाय.'

वर तारीख होती. मालिनी पहिलं खोटं बोलली त्या रविवारच्या दुसऱ्या दिवसाची.

मालिनीनं पत्र घडी करून देवापुढे ठेवलं आणि सासूकडे बघत राहिली, निकाल लागायची वाट बघणाऱ्या पोरीसारखी. न्हाणीघरात बंब धडधडत होता. आनंदीबाईंनी हाताची राख पदराला पुसली.

"तुला खेळ चालवता येतो आता, ते मी कबूल करते," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पोराला तीन रविवार पाण्यात तिष्ठत ठेवलंस तू, मालिनी. मायेनं ठेवलंस, म्हणून शिव्या देत नाही. ते फाशांच्या खोक्याचं झाकण मी मघाशीच बंबात घातलंय. रविवारी दान सगळ्यांच्या समोर टाकायचं आणि पडेल ते मोठ्यानं सांगायचं, माझ्या मरणाचं पडलं तरी."